अप्पा हैदराबादला कुठं उतरले

आमच्या हेडमास्तरांचे वडील वारले आणि ते नाशिकला अस्थी विसर्जन करून परत आले, तेव्हा आम्ही सगळे त्यांना भेटायला गेलो. बैठकीत सतरंजीवर माना खाली घालून बसलो. कुणी म्हाताऱ्यांच्या शिस्तीबद्दल बोललं, कुणी त्यांच्या वयाबद्दल. विश्वनाथअप्पांनी रीतसर पाच मिनिटं तोंड पाडून काढली. मग ते हेडमास्तरांच्या जवळ सरकले आणि हळूच म्हणाले, "नाशकात उतरलाव कुठं?"

हेडमास्तरांनी एका धर्मशाळेचं नाव सांगितलं.

"कडी आतून नीट लागती का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण अप्पांना तिथं मीच घेऊन गेलो होतो. पण हेडमास्तरांनी डोळे पुसले आणि आठवून आठवून सांगितलं, की कडी लागत होती पण दार जरा घासत होतं. अप्पांनी विचारलं, दार वरून घासतं की खालून. असं करत दोघं बादलीवर आले, उशीवर आले, सकाळी गरम पाणी किती वाजता मिळतं तिथवर पोचले. बाप गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा हेडमास्तरांना चहा गेला, असं त्यांच्या बायकोनं नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

घाटनांदूरच्या बाजारपेठेत अप्पांचं भांड्यांचं दुकान. दुकानामागं त्यांचं घर आणि घराला लागून दोन खोल्या, ज्यात मी, माझी बायको आणि आमच्या दोन मुली बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. धोतर, पांढरा सदरा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. शाळा निजामाच्या अमदानीतली, उर्दूतली, त्यामुळं हिशेब मराठीत आणि पत्रं उर्दूत लिहायची सवय. स्वभाव गरीब. दुकानात गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असली तरी रस्त्यानं कुणी बॅग घेऊन एसटीतून उतरलेला दिसला, की अप्पा गिऱ्हाइकाच्या हातात तपेलं तसंच ठेवून बाहेर येणार. "कुठं गेलता ते सांगू नका," म्हणणार, "कुठं उतरलता ते सांगा."

या चौकशीतून अप्पांनी जे ज्ञान मिळवलं होतं ते बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं असे. लॉजची कार्डं, धर्मशाळांच्या पावत्या, एका मंगल कार्यालयाची पत्रिका, जिच्या मागं अप्पांनी लिहून ठेवलं होतं की इथले ढेकूण मोठे आहेत पण रात्री फार फिरत नाहीत. आसपासच्या दहा गावांतून लोक अप्पांना विचारायला यायचे. नेकनूरचे एक सावकार मुलाला पुण्याच्या कॉलेजात घालायला निघाले, ते आधी वाकडी वाट करून अप्पांकडं आले. लॉज सुचवताना अप्पांची भाषा लग्न जमवणाऱ्याची असे. "सोलापुरात एक स्थळ हाय आपल्या नजरंत," असं म्हणत. एखादं लॉज चांगल्या घरचं असे, एखादं जरा आगाऊ. औरंगाबादच्या एका लॉजबद्दल ते फक्त एवढंच म्हणत, की त्याचा मालक बरा हाय पण त्याला कुणी विचारत न्हाई.

आता इतकं सगळं असताना अप्पा स्वतः कुठंकुठं राहिले होते, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. तुळजापूर, परळी आणि एकदा दुकानाच्या मालासाठी लातूर. परळीला तर आमच्या गावाहून सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येतं, पण अप्पा तिथं हौसेनं एक दिवस राहिले होते.

नव्वद सालानंतर अप्पांचं काम एकदम अवघड झालं. गावात पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ आला, माळवदांवरून केबलच्या वायरी गेल्या आणि लॉजच्या कार्डांवर 'अटॅच' हा शब्द दिसायला लागला. खोलीतच संडास, ही गोष्ट अप्पांच्या काही केल्या गळी उतरेना. लिंगपूजा झाल्याशिवाय ते चहा घेत नसत, आणि पूजा करायची त्याच्या भिंतीपलीकडं संडास, म्हणजे बसायचं तरी कुणीकडं तोंड करून? बरं, अटॅच नको म्हणावं तर व्हरांड्याच्या टोकाला साऱ्या मजल्यात एक, आणि अप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, अनोळखी गडीमाणसांच्या रांगेत लोटा घेऊन उभं राहायचं. अप्पांनी यावर महिनाभर विचार केला. शेवटी त्यांनी ठरवलं की खोली अटॅचच पाहिजे, पण लांबलचक पाहिजे.

अप्पा बूथवरून फोन करत नसत. फोनवर माणूस खोटं बोलतो, असं त्यांचं मत. ते जोडकार्ड लिहीत, म्हणजे एकाला एक जोडलेली दोन पोस्टकार्डं. एक आपण लिहायचं, दुसरं कोरं, त्यावर समोरच्यानं उत्तर धाडायचं. हैदराबादच्या लॉजवाल्यांना अप्पांनी अशी कितीतरी कार्डं लिहिली, आणि सगळी सोयऱ्याला लिहावीत तशी. आधी तुमची खुशाली, मग आमची खुशाली, पाऊस-पाणी, मुलाबाळांना आशीर्वाद आणि शेवटी सतरा-अठरा प्रश्न. बहुतेक लॉजवाल्यांनी ते कोरं कार्ड स्वतःच्या कामाला वापरलं असणार. एकानं मात्र उत्तर दिलं. त्यानं पत्त्यात गाव उलटं लिहिलं, घाटनांदूरचं नांदूरघाट केलं, त्यामुळं ते कार्ड केज तालुक्यात आठ-पंधरा दिवस पाहुणचार घेऊन आमच्याकडं आलं. हैदराबादच्या काचीगुडा भागातल्या एका लॉजचे ते म्हातारे मॅनेजर होते. त्यांनीही आधी खुशाली विचारली होती. अप्पांनी ते कार्ड सबंध पेठेला वाचून दाखवलं.

तुम्हाला वाटेल की असा माणूस हैदराबादला कधीचा जाऊन आला असेल. तर नाही. दहा वर्षं अप्पांचं हैदराबादला उतरायचं ठरत नव्हतं. आणि अप्पांची एकुलती एक लेक नंदा हैदराबादलाच दिलेली होती.

हे ऐकून नवा माणूस हमखास म्हणायचा, की मग लॉज कशाला बघता, लेकीकडं उतरा की. त्यावर अप्पा पितळी डब्यावरची धूळ फडक्यानं पुसत बसत. आमच्या भागात जुन्या माणसांची एक रीत असते. लेकीला लेकरू होईस्तोवर आई-बापानं तिच्या घरचं पाणी घ्यायचं नाही. कुठं वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलतो, मग आजोबा-आजी वाजतगाजत जाऊन जेवतात आणि ती रीत कुणाला काचत नाही. नंदाच्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. दवाखाने झाले, नवस झाले. जावई चांगला माणूस, एका छापखान्यात होता, त्यानं कधी शब्दानं दुखवलं नाही. पण रीत तशीच राहिली. अप्पांच्या वडलांनी उदगीरला लेकीच्या दारात अशी रीत पाळलेली, आणि ते किती कडक होते याच्या गोष्टी अप्पांनीच गावात सांगितलेल्या. आता मागं कसं फिरायचं?

नंदा दर पंचमीला माहेरी यायची. हसरी पोरगी, आमच्या मुलींच्या वेण्या घालायची, लाखेच्या बांगड्या आणायची. निघताना एसटीच्या खिडकीतून विचारायची, "अप्पा, हैदराबादला कवा येताव?" आणि अप्पा म्हणायचे, "उतरायचं ठरलं की येताव." गाडी गेली की घरी येऊन डबा उघडायचे.

मी शिक्षक असल्यामुळं मला सगळं कळतं असा माझा समज होता. अप्पा चिक्कू आहेत, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, "त्यांनी आजवर एकदा तरी कुठल्या लॉजचं भाडं विचारलंय का?" विचारलं नव्हतं. मग तिनं मला काकूंनी सांगितलेलं सांगितलं. लेकीच्या गावात जाऊन लॉजात उतरलं, तर तिच्या गल्लीतल्या बाया विचारणार, आई-बाप कशापायी लॉजात? आणि नंदाला ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार. तिच्या घरी उतरलं आणि पाणी घेतलं नाही, तर ते तिच्या डोळ्यांसमोर. दोन्हीकडून पोरीलाच लागणार. त्यापेक्षा लॉजमध्ये खोट काढत बसलेलं बरं. म्हणून एकाच्या जिन्याला कठडा नव्हता, एकाची खिडकी उत्तरेला होती, एकाच्या मॅनेजरचं पावतीवरचं अक्षर वाईट होतं.

मी त्यानंतर अप्पांची थट्टा जरा कमी केली. अगदी बंद नाही केली, कारण ते सहन करत.

त्या वर्षी मला शाळेकडून सहकुटुंब प्रवासाची सवलत मिळाली आणि आम्ही हैदराबाद ठरवलं. मुलींना चारमिनार बघायचा होता, बायकोला त्याच्या खालच्या बांगड्या, आणि मला गोवळकोंड्याला जाऊन दारात टाळी वाजवायची होती, जी म्हणे वर किल्ल्यात ऐकू येते. लॉज विचारायला मी अप्पांकडं गेलो. त्यांनी डबा काढला, चष्मा लावला आणि काचीगुड्याचं नाव सांगितलं. इतक्यात आतून काकू बाहेर आल्या. काकू दुकानात कधी येत नसत.

"गुरुजी, आमच्या बी दोन तिकिटा काढा," त्या म्हणाल्या. "ह्यांचं ठरलं न्हाई, तर माझी एकटीचीच काढा. पर मी येनार हाय."

अप्पांनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. मग म्हणाले, "दोन काढा."

लॉजला कार्ड गेलं. नंदाला गेलं नाही. काय लिहायचं ते अप्पांना सुचेना, असं काकू म्हणाल्या. अप्पांचा बेत असा होता, की लॉजात सामान टाकायचं, पूजा-जेवण आटपायचं आणि मग पोटभर खाऊन लेकीला भेटायला जायचं, म्हणजे पाण्याचा प्रश्न येणार नाही. लॉज नंदाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर होतं. हे त्यांनी पहिल्या कार्डातच, लेकीचं नाव न काढता, विचारून घेतलेलं, हे मला गाडीत कळलं. गाडीत अप्पा अजिबात बसले नाहीत असं म्हटलं तरी चालेल. विकाराबादच्या पुढं तर ते दाराशीच उभे होते.

लॉजचे मॅनेजर खरोखरच खुशाली विचारणारे होते. जाड चष्मा, मेंदी लावलेली दाढी. अप्पांनी नाव सांगताच ते काउंटरच्या बाहेर आले आणि त्यांनी अप्पांचे दोन्ही हात हातात घेतले. अप्पांनी पिशवीतून त्यांच्यासाठी आणलेलं ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि मॅनेजरीणबाईंसाठी खण-नारळ काढला. लॉजच्या काउंटरवर खण-नारळ याआधी कुणी ठेवला नसावा, कारण एक गिऱ्हाईक किल्ली परत द्यायची विसरून बघत उभं राहिलं.

मग खोली बघणं झालं. काकू आणि आम्ही चार जण भुकेलेले जिन्यात उभे, आणि अप्पा आत. कडी लावली, काढली, पुन्हा लावली. बादली उलटी करून बुड बघितलं. उशीचा वास घेतला. खोली चांगली लांबलचक होती, आणि संडास पार त्या टोकाला. खिडकी पूर्वेला. अप्पा खिडकीत बराच वेळ थांबले. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता. दहा वर्षांत पहिल्यांदाच एका लॉजमध्ये त्यांना काही खोट सापडली नव्हती.

खाली येऊन मॅनेजरनी मोठं रजिस्टर उघडलं. नाव, गाव, कुठून आलात, किती माणसं. अप्पा सांगत होते, ते उर्दूत लिहीत होते. मग त्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. शहरात कुणी ओळखीचं असलं तर नाव-पत्ता लिहावा लागतो, असा त्यांचा नियम.

"बेटी हय," अप्पा म्हणाले.

"माशाल्ला. किदर रहती?"

अप्पांनी गल्लीचं नाव सांगितलं. मॅनेजरनी लिहिता लिहिता हात थांबवला. त्यांनी चष्म्यावरून अप्पांकडं बघितलं, आणि अगदी साधेपणानं, घरच्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "बेटी का घर दो गल्ली पे हय, फिर हिंया कैकू उतररे अप्पा?"

सतरा-अठरा प्रश्न एका कार्डावर बसवणारा माणूस या एका प्रश्नावर काउंटरवरचा नारळ सरळ करू लागला. काकूंनी तोंड फिरवलं. मॅनेजर काही टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मला वाटलं अप्पा काहीतरी जुळवून सांगतील, जावई गावाला गेलाय, घर लहान आहे. मीच मनातल्या मनात दोन-तीन कारणं तयार केली. पण अप्पांना खोटं बोलता येत नसे, खोट काढता येई, एवढंच.

"मत लिखो," अप्पा शेवटी म्हणाले. "हमे बेटी के घर कू जारे. कमरा गुरुजी कू देव. कमरा बहोत अच्छा हय."

बायको आणि मुली लॉजातच राहिल्या. मी ट्रंक घेतली, काकूंनी वळकटी, अप्पांनी पिशव्या. दोन गल्ल्या काही लांब नव्हत्या, पण अप्पा दर दहा पावलांना थांबत होते. एका वळणावर म्हणाले, "गुरुजी, बाप बघत आसंल का वो?" मी म्हणालो, "बघत असतील तर बघू द्या." आयुष्यात मी दिलेलं हे एकच उत्तर असेल, ज्याबद्दल मला नंतर पश्चात्ताप झाला नाही.

नंदा जिन्यात तांदूळ पाखडत बसली होती. आम्हाला बघून तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग ती उठली, आईला मिठी मारली, अप्पांच्या पाया पडली. सगळं करताना तिची नजर ट्रंकेकडं जात होती. जावई छापखान्यात गेलेला. तिनं आत नेलं, सतरंजी टाकली, पंखा लावला, आणि तिच्या तोंडून हळूच निघून गेलं, "कुठं उतरलाव?"

"हितं," काकू म्हणाल्या.

नंदाला ते खरं वाटलं नसावं. मग तिनं काय केलं, तर अप्पांची पिशवी पुढं ओढली, त्यातला फिरकीचा तांब्या काढला, झाकण फिरवून उघडलं आणि गावाकडून आणलेलं त्यांचंच पाणी भांड्यात ओतून त्यांच्यापुढं धरलं. चेहऱ्यावर रुसवा नव्हता. बापाला तहान लागली असेल, आणि तो आपल्या घरचं घेणार नाही, एवढंच तिच्या मनात. दहा वर्षं तिनं याची तयारी करून ठेवली असावी. मला तिथं बसवेना, आणि उठताही येईना.

अप्पांनी भांडं घेतलं आणि खाली ठेवलं.

"हे न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या घागरीतलं दे."

नंदा उभी राहिली. तिनं आईकडं बघितलं. काकूंनी मान हलवली. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. आतून भांडं घासल्याचा आवाज आला. घासलेलंच भांडं ती पुन्हा घासत होती. आली ती दोन्ही हातांत भांडं धरून. डोळे पुसून आलेली होती, पण ते पुन्हा भरले होते. अप्पांनी एका दमात पाणी प्यायलं. पिताना त्यांच्या सदऱ्यावर थोडं सांडलं.

नंदा तशीच उभी. रिकामं भांडं तिनं परत घेतलं, पण आत गेली नाही.

"आणखी देऊ का, अप्पा?"

स्टेशनवर उतरल्यापासून अप्पांनी माझ्यासमोर दोन वेळा पोटभर पाणी प्यायलं होतं. त्यांना तहान नव्हती, हे मला माहीत होतं आणि काकूंनाही माहीत होतं.

"दे," अप्पा म्हणाले.